हाजी अलीची किनारा फेरी: डबक्यापाशी थांबणारा वाटाड्या निवडा

ओहोटीच्या वेळी खडकांवर नेऊन समुद्री जीव दाखवणाऱ्या फेऱ्या मुंबईत आता चांगल्या रुळल्या आहेत. मरीन लाइफ ऑफ मुंबई या गटाने २०१७ पासून त्यांची गोडी लावली; पुढे इतर आयोजकही उतरले. हाजी अलीच्या खडकांवरची फेरी नक्की करावी, पण दिवस आणि वाटाड्या दोन्ही पारखून.

आधी दिवस. तिथीचे पाऊणपट केले की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, भरती सव्वाअकराच्या पुढेमागे; त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पाणी पुरतं उतरण्याआधी तासभर पोहोचायचं आणि वळलं की निघायचं. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी फार उतरत नाही आणि खालचा पट्टा झाकलेलाच राहतो. भरती-ओहोटीच्या तक्त्यात ओहोटीच्या पाण्याची उंची ०.५ मीटरच्या आत असेल तर उत्तम. एक मीटरच्या वर असेल तर त्या फेरीला पैसे देऊ नयेत, मग आयोजक काहीही सांगो.

आता वाटाड्या. दोन तासांत चाळीस नावं ऐकवणाऱ्यापेक्षा एका डबक्यापाशी वीस मिनिटं बसवणारा कितीतरी चांगला. डबक्यात कोण कोणाच्या जिवावर जगतंय ते उभ्या उभ्या दिसत नाही. रिकाम्या शिंपलीवर सुबक गोल भोक दिसलं तर ते शिकारी गोगलगायीचं काम. ती शिंपला मऊ करणारा स्राव सोडते, खरवडून भोक पाडते आणि आतला जीव खाते. भोकाची कड बाहेरून उतरती, वाटीसारखी असेल तर शिकारी बहुधा चंद्रगोगलगाय. गोगलगाय स्वतः मेली की तिचा शंख साधू खेकड्याचं घर होतो. खेकडा वाढला की त्याला मोठा शंख लागतो, आणि चांगल्या शंखासाठी मारामाऱ्याही होतात. काही जातींच्या शंखावर समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा डंख मारणारा प्राणी, बसलेलं असतं: त्याच्या डंखामुळे ऑक्टोपस लांब राहतो, आणि खेकड्याच्या जेवणातले तुकडे त्याला मिळतात. म्हणूनच शंख पिशवीत भरू देणाऱ्या आयोजकाचे गुण इथेच कापावेत. तुम्ही नेलेला प्रत्येक रिकामा शंख म्हणजे खेकड्याचं एक घर कमी.

खडकावरचे पट्टेही नीट समजावून घ्या. वर बार्नॅकल (खडकाला चिकटलेले छोटे कवचधारी जीव), खाली कालवं, त्याखाली शेवाळ, अशी साधारण उतरंड दिसते. वर कुठपर्यंत चढता येईल ते ऊन आणि कोरडेपणा ठरवतो. खाली कुठवर उतरता येईल ते बरेचदा शेजारी आणि शिकारी. परिसंस्थाशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांचा १९६१ साली प्रसिद्ध झालेला स्कॉटलंडमधला प्रयोग याच धाटणीचा. मोठ्या जातीची बार्नॅकल काढून टाकल्यावर एरवी वरच राहणारी छोटी जात खालच्या पट्ट्यातही जगली. हे सांगणारा वाटाड्या भेटला तर त्याला धरून ठेवा.

पायात मागून बंद, पकड असलेले जुने बूट हवेत. चप्पल शेवाळावरून सटकते आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. हिरव्या-तपकिरी गालिच्यासारखे झोअँथिड (समुद्रफुलांच्या नात्यातले, वसाहत करून राहणारे प्राणी) दिसले तर त्यांवर पाय देऊ नका, हातही लावू नका. त्यांतल्या पुष्कळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उन्हातून तयार केलेलं अन्न त्यांना पुरवतं. काही जातींत जहाल विषही असतं. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख मुळीच उचलू नये, त्याचा दंश जिवावर बेतू शकतो.

सगळ्यात जास्त नुकसान दगड उलटण्याने होतं. खालच्या बाजूचे स्पंज आणि अंडी उन्हात वाळतात, वरचं शेवाळ अंधारात मरतं. उचललाच तर हळूच, होता तसा, त्याच तोंडाने परत ठेवायचा. वाटाड्या हे स्वतः करतो का, तेवढं पाहिलं तरी त्याची पारख होते.

गट दहा-बाराचा असावा. पंचवीस माणसं एका डबक्याभोवती जमली की सावल्या पडतात, ऑक्टोपस फटीत शिरतो आणि मागच्यांना पाठीच दिसतात. संध्याकाळच्या ओहोटीला विजेरी न्या. परतताना खडक ओले आणि काळे, दोन्ही असतात.