वादाचा विषय आणि पस्तीस मिनिटांचा तास: एका मोफत संचाची पारख

वर्गात वादाचा विषय निघाला की ‘हे परीक्षेला नाही’ म्हणत पान उलटायचं, हा आपल्याकडचा चालू उपाय. दुसरा उपाय हवा असेल त्यांनी कौन्सिल ऑफ युरोप या युरोपीय देशांच्या संघटनेचा ‘लिव्हिंग विथ कॉन्ट्रोव्हर्सी’ हा शिक्षक-प्रशिक्षण संच उतरवून घ्यावा. 2015चा आहे, फुकट आहे. पहिला भाग विवेचनाचा, दुसरा कृतींचा. विवेचन चाळलं तरी चालेल, पण शिक्षकाच्या भूमिकांपाशी थांबा.

तटस्थ अध्यक्ष, दोन्ही बाजू मांडणारा, मुद्दाम उलट बाजू घेणारा, स्वतःचं मत उघड सांगणारा, एका बाजूची पाठराखण करणारा आणि अधिकृत धोरण सांगणारा, अशा या भूमिका. यातली ‘मुद्दाम उलट बाजू’ जपूनच घ्या. पोर घरी जाऊन ‘सर असं म्हणाले’ एवढंच सांगतं. सर सोंग घेऊन बोलत होते, हे वाटेत गळतं. घ्यायचीच तर आधी फळ्यावर ‘आता मी विरुद्ध बाजूचा वकील’ असं लिहा आणि तास संपण्याआधी सगळ्यांसमोर पुसा. तटस्थपणालाही हद्द आहे. अंगात भूत शिरतं का, याला दोन सारख्या बाजू नाहीत. 2013चा जादूटोणाविरोधी कायदा पुरेसा आहे का, याला मात्र आहेत.

संचातलं सर्वांत कामाचं तंत्र म्हणजे अंतर राखणं: घरचा वाद काढण्याआधी तसाच दूरचा घ्यायचा. खेड-जुन्नरकडच्या शाळेत बैलगाडा शर्यतीवर थेट तोंड उघडलंत तर अर्धा वर्ग घाटावरच, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवरच पोचतो. म्हणून आधी स्पेनमधला कॅटलोनिया प्रांत. तिथल्या संसदेने 2010मध्ये बैलझुंजीवर बंदी घातली, स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने 2016मध्ये ती रद्द केली. परंपरा, जनावराचे हाल, कायदा करायचा अधिकार कोणाचा, हे मुद्दे न तापता फळ्यावर येतात. मग बैलगाडा शर्यतीवरची सर्वोच्च न्यायालयाची 2014ची बंदी आणि शर्यतीला वाट देणारी महाराष्ट्राची कायदादुरुस्ती वैध ठरवणारा 2023चा निकाल. फरकही मुलांकडूनच काढून घ्या: झुंजीत बैलाला ठार मारतात, शर्यतीत पळवतात. हे राहिलं तर मुलं तुलनेवरच भांडतात.

साठच्या पटाला संचातल्या कृती जशाच्या तशा बसत नाहीत. बाकावरच्या जोड्यांवर भागवा. 35 मिनिटांत 5 नियमांना, 10 वाचनाला, 15 चर्चेला, 5 चिठ्ठ्यांना. चिठ्ठ्या बिननावाच्या. हात वर करून मत घेतलं की मुलं मैत्रिणीचा हात बघून आपला उचलतात. जात-धर्माच्या विषयात ‘तू सांग, तुमच्यात काय करतात?’ असं एकाच मुलाला विचारू नये. तो त्या क्षणी अख्ख्या समाजाचा वकील होऊन बसतो.

मुख्याध्यापकांसाठी 2017चा ‘मॅनेजिंग कॉन्ट्रोव्हर्सी’ हा जोडसंच आहे. पालकांचा फोन आधी ऑफिसात खणखणतो, तेव्हा विषय मुख्याध्यापकांच्या कानावर आदल्या दिवशीच घालावा.