साइट नंबर 14 आणि 15: नॅशनल पार्कच्या कॅम्पिंगमध्ये आमचे 370 डॉलर कसे गेले

हे लिहायला मला तीन महिने लागले कारण लाज वाटत होती, आणि अजूनही वाटतेय. पण मागच्या आठवड्यात आम्हाला फसवणारी तीच जाहिरात परत दिसली, तोच फोटो, फक्त नाव वेगळं, आणि अंगाची लाही लाही झाली. म्हणून आता सगळं लिहितेय, आकड्यांसकट.

आम्ही अमेरिकेत शार्लटला राहतो. या वर्षी, म्हणजे 2024 मध्ये, आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. बाबांचं लहानपण कृष्णेकाठी गेलेलं, त्यामुळे नदी म्हटलं की त्यांचा चेहराच बदलतो. ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कमध्ये बिग क्रीक नावाचं एक छोटंसं कॅम्पग्राउंड आहे, नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूला, आमच्यापासून तीन तासांवर. तिथे फक्त टेंट लावता येतात, आरव्ही (आत झोपायची सोय असलेली मोठी गाडी) नाही, वीज नाही, गाडी पार्किंगला ठेवून सामान हातात घेऊन चालत जायचं आणि झोपायचं ते ओढ्याच्या आवाजात. आम्ही सहा जण आणि मित्राच्या घरचे चार, असे दहा. एका साइटवर, म्हणजे टेंट लावायच्या नंबर दिलेल्या जागेवर, सहाच माणसं चालतात म्हणून दोन साइट हव्या होत्या, 4 जुलैच्या लाँग वीकेंडच्या, गुरुवार ते रविवार, तीन रात्री.

आता मला शिकवू नका की सहा महिने आधी बुकिंग उघडतं तेव्हाच करायला हवं होतं. माहितीये. पण जानेवारीत आई-बाबांचा व्हिसाच झाला नव्हता, तर बुकिंग कुणाच्या भरवशावर करायचं? जूनमध्ये रिक्रिएशन डॉट गव्ह या बुकिंगच्या सरकारी वेबसाइटवर बघितलं तर त्या वीकेंडला सगळीकडे नुसतं आर आर आर, म्हणजे रिझर्व्ह्ड. मग कॅम्पिंगच्या एका ग्रुपमध्ये 9 जूनला पोस्ट दिसली की बिग क्रीक, दोन साइट शेजारी शेजारी, 4 ते 7 जुलै, घरात आजारपण आल्यामुळे जाता येत नाहीये, मूळ किमतीत देतोय, नफा नको. आणि खरंच मूळ किंमत होती. एका साइटचे रात्रीला 30 डॉलर, तीन रात्रींचे 90, दोन साइटचे 180. एक डॉलर जास्त नाही. हेच मला पटलं. तिकिटं ब्लॅकने विकणारा माणूस चारपट मागतो, हा तर जेवढ्यास तेवढे मागतोय.

माणूस फोनवर बोलला सुद्धा. वीस मिनिटं. बायकोच्या ऑपरेशनबद्दल सांगितलं, आमच्याबरोबर कोण कोण आहे विचारलं, आई-बाबा येणार म्हटल्यावर म्हणाला मग त्यांना 14 नंबर द्या, पाण्याच्या अगदी जवळ आहे, रात्रभर आवाज येतो. मी शॉवर आहेत का विचारलं कारण आईला गार पाण्याची काळजी. तो म्हणाला हो हो, गरम पाण्याचे आहेत, स्वच्छ आहेत.

त्या पार्कच्या कॅम्पग्राउंडमध्ये शॉवर नसतातच. कुठेच नाहीत. गार पाणी आणि फ्लशचे संडास, बस. हे पार्कच्या वेबसाइटवर स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते वाचलं होतं आणि तरी मला वाटलं की हा तिथे दरवर्षी जाणारा माणूस, याला जास्त माहिती असणार.

त्याच रात्री 90 डॉलर पाठवले, बँकेच्या ॲपमधून थेट. दुसऱ्या दिवशी उरलेले 90. मग रात्री साडेदहाला पीडीएफ आलं.

आता खरी गोष्ट सांगते, जी आठवली की आजही झोप उडते. त्याच दिवशी संध्याकाळी पोळ्या करताना मी आईला सांगत होते की अगं तिथे गर्दी नसते, अख्ख्या कॅम्पग्राउंडमध्ये फक्त बारा साइट आहेत, बाराच. माझ्या तोंडून निघालेलं वाक्य आहे हे. आणि तीन-चार तासांनी मी ओट्यापाशी उभी राहून फोनवर पीडीएफ उघडते, वर पार्कचं नाव, झाडाचं चित्र, माझं नाव बरोबर स्पेलिंगमध्ये, आणि खाली लिहिलंय साइट 014, साइट 015. मी ते वाचलं. दोनदा वाचलं, कारण 14 नंबर पाण्याजवळ आहे हे मला परत बघायचं होतं. बारा साइट असलेल्या ठिकाणी चौदा नंबर कुठून येईल, हा पाचवीतल्या पोराला पडणारा प्रश्न मला पडला नाही. पडला नाही म्हणजे, खरं सांगायचं तर क्षणभर काहीतरी खटकलं होतं. पण त्याच पार्कमधल्या एल्कमाँटला दोनशेच्या वर साइट आहेत, तिथे आम्ही आधी राहिलोय, नंबरांची पद्धत प्रत्येक ठिकाणी वेगळी असेल असं वाटलं, आणि बाबा शेजारीच बसून विचारत होते, झालं का गं बाळा? मी म्हटलं, झालं.

दिवसभर काम, घरात पाहुणे नाही म्हणता येत पण सहा माणसं, दोन मुलं, त्यात रात्रीचे साडेदहा. कोण नंबर मोजत बसतं?

11 जूनला त्याने नाव बदलायची फी मागितली, साइटमागे 20, म्हणजे 40 डॉलर. दिले. 1 जुलैला, म्हणजे निघायच्या तीन दिवस आधी, मेसेज आला की अस्वलांमुळे पार्कने नवीन डिपॉझिट सुरू केलंय, जेवण बाहेर ठेवलं तर कापतात, नाहीतर चेकआउटनंतर परत, साइटमागे 75. अस्वलांची भीती तर होतीच, आणि जेवण गाडीत ठेवायचं असा नियम खरोखरच आहे, त्यामुळे खोटं वाटलं नाही. 150 डॉलर गेले. 90, 90, 40 आणि 150. एकूण 370.

आणखी एक. पार्किंग टॅग मी माझ्याकडून देतो म्हणाला. स्मोकीजमध्ये एंट्री फी नाही, पण मार्च 2023 पासून गाडीला टॅग लागतो, दिवसाचा 5 डॉलर, आठवड्याचा 15, आणि तो एकाच गाडीचा असतो, त्यावर आपल्या गाडीचा नंबर यावा लागतो. याने आमच्या गाडीचा नंबर कधी विचारलाच नाही. टॅग असाच देणारा माणूस भेटला तर तिथेच थांबा.

4 तारखेला दुपारी पोचलो. टेनेसीची हद्द लागली की लगेच आय-40 हायवेचं एक्झिट 451, मग नदी ओलांडून, पॉवरहाउसवरून आत, अरुंद रस्ता. फोनचं नेटवर्क नाही. पार्किंगपासूनच पाण्याचा आवाज येत होता आणि बाबा गाडीतून उतरल्या उतरल्या तिकडे बघत उभे राहिले. मुलं पुढे पळाली नंबर शोधायला. आम्ही टेंटची पिशवी, गाद्या, कूलर काढतोय तोवर धाकटा धापा टाकत परत आला आणि म्हणाला, आई, बारानंतर नंबरच नाहीत.

मला त्या क्षणी सगळं कळलं. तरी मी स्वतः जाऊन बघितलं. एक ते बारा, प्रत्येक खांब. बारा नंबरवर एक कुटुंब चूल पेटवत होतं, त्यांनी हसून हात केला. पुढे झाडी. मी त्या झाडीत सुद्धा दहा पावलं गेले.

तिथल्या माणसाने यादी बघितली. आमचं नाव नाही, त्या भामट्याचं पण नाही. म्हणाला बुकिंग ज्याच्या नावावर आहे त्यालाच, इथे येऊन पैसे भरून साइट मिळत नाही, गाडीत झोपता येणार नाही. तो चांगलं बोलला, त्याची काही चूक नव्हती. मित्राची बायको एक शब्द बोलली नाही आणि तेच जास्त लागलं, कारण निम्मे पैसे मी त्यांच्याकडून घेतले होते, 185. (परत दिले. नको नको म्हणत होते, तरी दिले.) बाबा म्हणाले, पाच मिनिटं पाण्यात पाय घालून येतो, मग निघू. दहा जणांना लाँग वीकेंडला खोल्या कुठे मिळणार, शेवटी टेनेसीतल्या न्यूपोर्ट गावात दोन मिळाल्या, एका रात्रीचे टॅक्ससकट 412 डॉलर 60 सेंट. सकाळी घरी.

आता पुढचं ऐका. बँकेला फोन केला, पन्नास मिनिटं होल्डवर, मग पहिला प्रश्न, पैसे तुम्ही स्वतः पाठवले का? हो. मग हा फ्रॉड नाही. म्हणजे कुणी माझा फोन चोरून पाठवले असते तर फ्रॉड, मला खोटा कागद दाखवून माझ्या हातून पाठवायला लावले तर नाही! मी म्हटलं समोरच्याचं अकाउंट तुमच्या सिस्टिममध्ये दिसतंय ना, त्यावर अशा किती तक्रारी आहेत ते तरी बघा. ती माहिती देता येत नाही. फॉर्म भरला, पीडीएफ, चॅट, सगळं जोडलं. बारा दिवसांनी पत्र आलं, दोन ओळींचं, क्लेम नामंजूर. परत फोन केला तर नवीन माणूस, परत पहिल्यापासून गोष्ट सांगा. तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा तर माझा आवाज फुटला, तर ती बाई म्हणते, आज अजून काही मदत करू का?

पोलीस. आमच्या इथले म्हणाले घटना तिकडे घडली, तिकडे तक्रार करा. तिकडचे म्हणाले पैसे तुमच्या घरातून गेले, तुमच्या इथे करा. आणि तो राहतो तिसऱ्याच स्टेटमध्ये असं नंबरावरून दिसतंय, तर त्याबद्दल दोघांनीही हात वर केले. शेवटी ऑनलाइन रिपोर्ट घेतला, नंबर दिला, आजपर्यंत एक फोन नाही. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारकडच्या तक्रारीचा फॉर्म भरला, त्याचीही आपोआप आलेली पोच आहे, एवढंच. ज्या ग्रुपवर जाहिरात होती तिथे रिपोर्ट केलं तर उत्तर आलं की ही पोस्ट आमच्या नियमांच्या विरोधात नाही. टोलवाटोलवी आपल्या गावाकडच्या ऑफिसातच असते असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे पाठवा.

आणि आपली माणसं! तिघांनी सांगितलं की ग्रीन कार्डच्या रांगेत आहात, कशाला पोलिसात जाता, उगाच रेकॉर्ड व्हायचं. अहो, तक्रार करणाऱ्याचं कसलं रेकॉर्ड? तुमच्या या गप्प बसण्यावरच तर या लोकांचं दुकान चालतं. तक्रार करा, काही हाती लागलं नाही तरी करा, तारीख आणि रक्कम कुठेतरी कागदावर येऊ दे.

मला तेव्हा एवढं साधं कळायला हवं होतं की ज्याला खरंच जाता येत नाही, तो बुकिंगच्या वेबसाइटवर जाऊन कॅन्सल करतो, वेळेत केलं तर 10 डॉलर फी कापून बाकीचे पैसे परत मिळतात. त्याला अनोळखी माणसाला फोन करून वीस मिनिटं बायकोच्या ऑपरेशनबद्दल सांगायची गरजच काय? आणि ती कॅन्सल झालेली जागा त्याच वेबसाइटवर परत उघडते. तिथे अलर्ट लावता येतो, जागा रिकामी झाली की मेल येतो. फुकट आहे. मी ऑगस्टमध्ये लावला तर आठ दिवसांत एका मधल्या वारची साइट आली पण, तोवर आई-बाबांचं परतीचं तिकीट जवळ आलेलं.

क्रेडिट कार्ड घेत नाही म्हणाला तर तिथेच बोलणं संपवा. साइटचा नंबर अधिकृत नकाशावर बोट ठेवून शोधा, मग पैसे. आणि घरच्यांना पीडीएफ दाखवा. मी नवऱ्याला दाखवलं असतं तर त्याने पहिला प्रश्न नंबराचाच विचारला असता, तो तसाच आहे. मी फक्त, झालं बुकिंग, एवढंच सांगितलं.

आता मागच्या आठवड्याचं. सप्टेंबरच्या शेवटी हेलीन वादळ आलं, पिजन नदीच्या घळीतल्या आय-40 चे काही भागच वाहून गेले, बिग क्रीक बंद झालं, आत जायला वाट राहिली नाही. आणि त्याच ग्रुपवर पोस्ट आहे, बिग क्रीक, ऑक्टोबरच्या शेवटच्या वीकेंडला, पानांचे रंग बघायला, दोन साइट शेजारी शेजारी, मूळ किमतीत, घरात आजारपण. खाली सात जणांनी विचारलंय, अजून आहे का? मी कमेंट टाकली की जागा बंद आहे, हा माणूस चोर आहे, तर दहा मिनिटांत कमेंट गेली आणि मला ब्लॉक केलं. नवऱ्याच्या अकाउंटवरून बघितलं. पोस्ट अजून तिथेच आहे, आणि विचारणारे आता अकरा झालेत.