ग्लासगोच्या शाळा चालवायचं कोण? सोलापुरातल्या अभ्यासवर्गाचा रिव्ह्यू

पार्क चौकाच्या बाजूला जुनं वाचनालय आहे बघा, त्याच्या वरच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी इतिहासाचे अभ्यासवर्ग चालतात. यावेळचा विषय होता शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात बोर्डाच्या शाळा कशा चालवल्या जायच्या. महिनाभराचा वर्ग, फी 300 रुपये, त्यात झेरॉक्स नोट्स आणि चहा आला. मी महापालिकेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून आहे त्यामुळे नाव घातलं, आणि पैसे पूर्ण वसूल झाले असं मी मनापासून सांगते. समितीवरच्या, शिक्षण मंडळातल्या, शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा वर्ग करावा.

शिकवणाऱ्या मॅडम कॉलेजातून निवृत्त झालेल्या आहेत. त्यांची पद्धत अशी की मोठमोठ्या माणसांची चरित्रं सांगत बसायचं नाही, सरळ विचारायचं की पैसे कुठून यायचे, निर्णय कोण घ्यायचं, पोरगं शाळेत आलं नाही तर कोण जायचं बघायला. 1872 च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये 5 ते 13 वयाच्या मुलांना शिक्षण सक्तीचं झालं आणि प्रत्येक गावाशहराला स्वतःचं निवडून दिलेलं शाळा बोर्ड मिळालं. नगरपालिकेची समिती वगैरे नाही, वेगळं बोर्ड, त्याची वेगळी निवडणूक, दर तीन वर्षांनी, आणि खर्चाला लोकांकडून शिक्षणाचा कर अधिक सरकारी अनुदान. सक्ती आधी आली, फी नंतर गेली, 1890 च्या सुमाराला बहुतेक प्राथमिक शाळा मोफत झाल्या. मधली ती वर्षं गरीब आईबापांनी कशी काढली असतील, एकीकडे शाळेत पाठवलं नाही तर दंड आणि दुसरीकडे आठवड्याची फी, हे ऐकताना हॉलमध्ये सगळे गप्प झाले होते. 1901 मध्ये वय 14 वर गेलं, म्हणजे एकेका बोर्डाला आणखी एका वर्षाची पोरं सामावायची, वर्ग बांधायचे, मास्तर शोधायचे.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. ग्लासगोच्या बोर्डावर 15 जागा असायच्या आणि प्रत्येक मतदाराला 15 मतं, ती तो 15 जणांना एकेक देऊ शकतो किंवा सगळीच्या सगळी एकालाच. मॅडमनी हे नुसतं सांगितलं नाही तर आमच्यात निवडणूक घेतली. जागा 5 ठेवल्या, प्रत्येकाला 5 चिठ्ठ्या दिल्या, आठजण उभे राहिले. आम्ही तीसेक लोक होतो. बहुतेकांनी चिठ्ठ्या वाटून टाकल्या, दोन इकडं, एक तिकडं. सोलापूरच्या पूर्व भागातनं आलेले सहाजण मात्र एकमेकांशी तेलुगूत काहीतरी बोलले आणि सगळ्यांनी आपल्या पाचही चिठ्ठ्या एकाच अक्कांच्या डब्यात टाकल्या. तीस मतं! अक्का पहिल्या नंबरने निवडून आल्या. मग मॅडम म्हणाल्या की ग्लासगोत आयर्लंडहून आलेले कॅथलिक कामगार असंच करायचे, मोजक्या उमेदवारांवर मतं एकवटायची, म्हणून संख्या कमी असूनही बोर्डावर त्यांची माणसं बसायची. ते बघितल्यावर निवडणुकीची पद्धत बदलली की टेबलाभोवती कोण बसतं ते बदलतं, हे एकदम डोक्यात बसलं. आपल्याकडं मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चार माध्यमांच्या पालिका शाळा एकाच शहरात आहेत, आणि समितीत कुणाचा आवाज ऐकू येतो हा प्रश्न मला रोजचा आहे, म्हणून हे फार जवळचं वाटलं.

गंमत म्हणजे बोर्डावर माणसं असूनही कॅथलिक शाळा बोर्डाच्या बाहेरच होत्या, म्हणजे ते लोक शाळेचा कर पण भरायचे आणि आपल्या शाळांसाठी चर्चमध्ये वर्गणी पण काढायचे. 1918 च्या कायद्याने त्या शाळा सरकारी व्यवस्थेत आल्या, धर्मशिक्षण आणि शिक्षकांच्या धर्माबद्दलची त्यांची अट मान्य करून. त्याच कायद्याने छोटी छोटी शेकडो बोर्डं जाऊन मोठी शिक्षण प्राधिकरणं आली. बायकांचं पण सांगते, पार्लमेंटचं मत मिळायच्या कितीतरी आधीपासून तिथं बायका या शाळा बोर्डांवर निवडून येत होत्या. एडिंबराच्या फ्लोरा स्टीव्हन्सन 1873 मध्ये पहिल्याच बोर्डावर आल्या आणि 1900 मध्ये अध्यक्ष झाल्या. आमच्या समितीत अर्ध्या आया आहेत पण सही करायला बोलावतात आणि चर्चेच्या वेळी विसरतात, त्यामुळे मला हे नाव पाठ करून ठेवावंसं वाटलं.

दुसऱ्या शनिवारी उंची-वजनाचा तक्ता दाखवला. 1905-06 मध्ये ग्लासगो बोर्डाच्या शाळांतल्या 72,857 मुलांची उंची आणि वजन घेतलं गेलं, वर्गातल्या शिक्षकांनीच घेतलं, आणि नंतर ते पोराच्या घरात खोल्या किती याच्याशी लावून बघितलं. एका खोलीच्या घरातल्या मुलग्यांची सरासरी उंची 46.6 इंच आणि वजन 52.6 पौंड, चार खोल्यांच्या घरातल्यांची 51.3 इंच आणि 64.3 पौंड. दोन खोल्या, तीन खोल्या, प्रत्येक पायरीला आकडा चढत जातो. मुलींचं तेच. मी तो कागद किती वेळ बघत बसले. म्हणजे मास्तर कितीही चांगला असूदे, पोरगं एका खोलीतनं उपाशी उठून आलंय हे आधी बघायला पाहिजे, आणि बघायचं म्हणजे नुसती हळहळ नाही, मोजायचं, लिहून ठेवायचं. 1908 च्या कायद्याने मग बोर्डांवर मुलांच्या वैद्यकीय तपासणीची जबाबदारी आली, आणि उपाशी किंवा फाटक्या कपड्यांतल्या पोराला खायला-ल्यायला द्यायचा अधिकार पण, ऐपत असून आईबाप हयगय करत असतील तर खर्च त्यांच्याकडून वसूल. आमच्या शाळेत खिचडी शिजते, वजनकाटा पण आहे, आरोग्य तपासणीचे फॉर्म भरले जातात, पण ते आकडे एकत्र लावून कुणी बघितलेत असं मी तरी ऐकलेलं नाही. त्यासाठी लागतं काय, एक वही आणि एक चिकाटीचा माणूस.

मग डंडीवरचा तास. डंडी म्हणजे स्कॉटलंडमधलंच तागाच्या गिरण्यांचं शहर, ताग बंगालमधून जायचा, आणि गिरण्यांत बायका आणि पोरं भरलेली. तिथं अर्धवेळ पोरं असायची, अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस शाळा. गिरणीत घ्यायचं किमान वय 1901 मध्ये 12 झालं, त्याआधी 11, त्याच्याही आधी 10. 1905 मध्ये मेरी लिली वॉकर आणि मोना विल्सन यांनी डंडीतली घरं, कामाची परिस्थिती आणि शाळेतल्या पोरांची तब्येत यावर अहवाल काढला. सोलापुरात हा विषय शिकवायचा तर हे सगळ्यात जिव्हाळ्याचं, कारण आपल्यातल्या निम्म्या घरांत कुणीतरी जुन्या मिलला किंवा लक्ष्मी-विष्णू मिलला कामाला होतं. आमचे आजेसासरे पोरवयातच मिलमध्ये लागले, शाळा पुढं कधी झालीच नाही. हिंदुस्थानात गिरणीत घ्यायचं वय 1922 पर्यंत 9 च होतं हो! मुंबई इलाख्यात नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायची परवानगी देणारा कायदा सुद्धा 1918 चा. हे मॅडमनी दोन वाक्यांत सांगितलं आणि पुढे गेल्या, इथं खरं तर पूर्ण तास हवा होता.

उलट ग्लासगोतल्या स्कॉटलंड स्ट्रीट शाळेच्या इमारतीवर पहिला जवळजवळ सगळा शनिवार गेला. इमारत सुंदर आहे यात वाद नाही, चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या वास्तुकाराने 1903 ते 1906 मध्ये बांधलेली, दोन बाजूंना काचेचे जिन्यांचे मनोरे, मुलगे, मुली आणि बालवर्ग यांना वेगवेगळी दारं, साडेबाराशे पोरांची सोय. बजेटवरून त्याचं आणि बोर्डाचं वाजलं ते ऐकायला मजा आली, कारण शाळेच्या बांधकामात काय काय होतं ते आम्हाला माहितीये. पण प्रत्येक खिडकीचा फोटो दाखवायची गरज नव्हती, मागच्या रांगेतल्या काकांनी दोनदा घड्याळ बघितलं. पुढं वस्ती उठत गेली आणि 1979 मध्ये शाळा बंद झाली, नंतर तिथं म्युझियम झालं, एवढं पुरलं असतं.

अजून तक्रारी. झेरॉक्स फार फिकट, तक्त्यातले आकडे मी घरी येऊन पेनाने गिरवले. प्रोजेक्टरची वायर सैल आहे, हलली की पडदा निळा होतो आणि मग दहा मिनिटं तेच. शिक्षकांच्या पगारावर आणि नोकरीवर फारच कमी बोलणं झालं, बाईंना पुरुषांपेक्षा कमी पगार असायचा आणि बोर्डागणिक पगार वेगळा असायचा एवढं कळलं, पुढं 1918 नंतर किमान पगाराच्या श्रेणी आल्या, पण एका वर्गात किती पोरं, हातात छडीऐवजी चामड्याचा पट्टा, चौदा वर्षांवरच्यांसाठी संध्याकाळचे वर्ग, यावर आमचे शिक्षक मित्र प्रश्न विचारायला टपून बसले होते आणि वेळ संपली. जिना अरुंद आणि उंच आहे, गुडघेदुखीवाल्यांना त्रास होतो, खालच्या मजल्यावर वर्ग घ्यायची सोय केली तर ज्येष्ठ मंडळी जास्त येतील.

चहा मात्र एक नंबर, आलं घातलेला, आणि मॅडम वर्ग संपल्यावर पण अर्धा तास थांबून उत्तरं देतात, कुणाला टाळत नाहीत. कन्नड माध्यमाच्या एका सरांना मराठीतलं काही अडलं तर त्या कन्नडमध्ये समजावायच्या.

पुढची बॅच गड्डा जत्रेची गर्दी ओसरली की सुरू होणार आहे, फी तीच. समितीतल्या दोन-तीन जणांनी मिळून नाव घाला म्हणजे नंतर बोलायला होतं, मी आमच्या मुख्याध्यापकांना घेऊन परत जाणार आहे. खुर्च्या कमी आहेत, साडेपाचच्या आत पोचा, आणि गाडी वाचनालयासमोर लावू नका, ट्रॅफिकवाले उचलतात.