यकृताचा कर्करोग: अ‍ॅटेझो-बेव्हा की डुर्वा-ट्रेमी?

शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमात (यकृताच्या पेशींपासून सुरू होणारा कर्करोग), यकृताचं काम बऱ्यापैकी शाबूत (चाइल्ड-प्यू या मोजपट्टीवर ए) असेल तर पहिल्या फळीला, म्हणजे सुरुवातीचे उपचार म्हणून, या दोन औषधजोड्या येतात.

अ‍ॅटेझोलिझुमॅब १२०० मिग्रॅ आणि बेव्हासिझुमॅब किलोमागे १५ मिग्रॅ, दोन्ही सलाईनमधून दर ३ आठवड्यांनी. चाचणीत सुमारे ३० टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. दुसऱ्या जोडीच्या (डुर्वा-ट्रेमी) चाचणीत सुमारे २० टक्के. चाचण्या वेगळ्या, म्हणून हे आकडे थेट ताडू नयेत. खरी अडचण बेव्हासिझुमॅबची. ते रक्तस्रावाचा धोका वाढवतं, आणि सिरोसिसमध्ये (यकृत कडक होऊन व्रण पडणं) अन्ननलिकेतल्या शिरा बऱ्याचदा आधीच फुगलेल्या असतात. म्हणून आधी एंडोस्कोपी हवीच. धोकादायक शिरा दिसल्या तर बँडिंग (शिरांना रबरी बँड बांधणं) करून मगच सुरुवात. पुढे रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीन तपासत राहायचं.

ट्रेमेलिमुमॅब ३०० मिग्रॅ एकदाच, सोबत डुर्व्हालुमॅब १५०० मिग्रॅ. नंतर दर ४ आठवड्यांनी फक्त डुर्व्हालुमॅब. रक्तस्रावाची भीती असेल तर आमचा कल इकडे. मात्र प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटू शकते: जुलाब, पुरळ, यकृतदाह. जुलाब अंगावर काढू नका, लगेच कळवा. वेळेत स्टेरॉइड मिळालं तर बहुधा आटोक्यात येतं.

यकृत प्रत्यारोपण झालेलं असेल तर दोन्ही धोक्याच्याच: शरीर नवं यकृत नाकारू शकतं.