मेणवलीचा वाडा आणि दोन तासांची सहल

पुण्यातील एका संस्थेतर्फे भरवल्या जाणाऱ्या सातारा जिल्ह्यातील वाईजवळच्या मेणवलीच्या एकदिवसीय वारसा सहलीला मी गेल्या महिन्यात जाऊन आले. तिच्याविषयी लिहिताना एक गोष्ट आधी सांगणे भाग आहे. मी त्या गावात लहानाची मोठी झाले. वडील वाईला शाळेत शिक्षक होते आणि आम्ही मेणवलीत, पेशवाईतले मुत्सद्दी नाना फडणवीस यांच्या वाड्याच्या मागच्या आळीत, भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. 1987 साली दहावी झाल्यावर गाव सुटले, आणि त्यानंतर वाड्याच्या दारात मी पुन्हा उभी राहिले ती या सहलीच्या निमित्तानेच. त्यामुळे हे परीक्षण पूर्णपणे तटस्थ आहे असे मी म्हणणार नाही. मात्र त्या वाड्याच्या सावलीत वाढलेल्या माणसाला अशा सहलीत काय मिळते आणि काय हुकते, हे जाणाऱ्यांना उपयोगी पडेल असे मला वाटते.

माणशी 1800 रुपये, सकाळी सातला निघून संध्याकाळी परत, त्यात न्याहारी, जेवण आणि मार्गदर्शक, असा एकंदर बेत होता. आम्ही बावीस जण होतो. बस वेळेवर सुटली, स्वच्छ होती, चालकही जबाबदारीने चालवणारे होते. प्रवासाबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही. खरी सहल सुरू झाली ती वाडा दिसल्यावर.

मार्गदर्शक तिशीतील एक तरुण होता. नाना फडणवीस म्हटले की बहुतेक जण बारभाईंचे कारस्थान आणि पेशवाईतील साडेतीन शहाणे एवढ्यावर थांबतात. त्याने सुरुवात केली ती 'फडणीस' या शब्दापासून. फडणीस म्हणजे राज्याच्या दफ्तराचा आणि हिशेबाचा प्रमुख. बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे आपले नाना, हे मुळात कागदाचे माणूस. 1761 मध्ये पानिपतातून जीव वाचवून परतलेले आणि पुढे जवळजवळ चार दशके कागदांच्या बळावर राज्य सावरणारे. मेणवली गाव त्यांना 1768 मध्ये इनाम मिळाले, आणि त्यानंतर येथे वाडा, नदीचा घाट आणि देवळे उभी राहिली. वाड्याबद्दल इतक्या नेमक्या शब्दांत आणि इतक्या क्रमाने मी कधी ऐकले नव्हते. आम्हा मुलांना वाडा ठाऊक होता तो लपाछपीची जागा म्हणून. गावात त्याला नावही नव्हते. 'नाना फडणवीसांचा वाडा' हे बाहेरच्यांचे बोलणे. आम्ही नुसते 'वाड्यावर चाललो' म्हणत असू आणि तेवढ्याने सर्वांना कळत असे.

सहा चौकांचा हा वाडा एका दमात पाहण्यासारखा नाही, आणि मार्गदर्शकाने तो घाई न करता चौकाचौकांतून उलगडला. सागवानी खांब, त्यांवरचे तुळयांना आधार देणारे कोरीव हस्त, डोक्यावरचा कडीपाट म्हणजे लाकडी छत, विटा आणि चुन्याच्या जाड भिंती, त्यांतले कोनाडे, हे सारे त्याने हात न लावता, केवळ बोटाने दाखवत समजावले. त्याची ही सवय मला फार आवडली, कारण आमच्या लहानपणी वाड्याची राखण करणारे एक वृद्ध काका होते आणि त्यांचे एकच सांगणे असे: "पोरांनो, खेळा, पळा, पण भिंतीला आणि खांबाला नख लावू नका." दुपारी जेवण करून ते पडवीत आडवे झाले की आम्ही सात-आठ जण दबक्या पावलांनी आत शिरत असू. बाहेर ऊन मी म्हणत असताना आतल्या चौकात पाय ठेवला की तळव्यांना गारवा लागे, आणि चुना, जुने लाकूड व पारव्यांची शीट यांचा मिळून एक वास येई. या भेटीत तो वास तसाच आला. पहिल्या चौकातून दुसऱ्या चौकात जाताना मी क्षणभर थांबले, तेव्हा मागच्या बाईंनी मला बरे वाटत नाही का असे विचारले. माझ्याने उत्तर देववले नाही.

भिंतींवरची चित्रे पाहण्याची त्याची रीत मी मुद्दाम नोंदवते, कारण इतर ठिकाणीही ती उपयोगी पडेल. त्याने चित्रावर समोरून उजेड टाकला नाही. लहान विजेरी भिंतीला जवळजवळ समांतर धरून, तिरप्या प्रकाशात, त्याने एका देवाच्या पायाशी थांबून रंगाखालची रेघ दाखवली. चित्रकाराने आधी बाह्यरेषा काढली आणि मग रंग भरला, आणि एका ठिकाणी रंग त्या रेषेच्या केसभर बाहेर गेला आहे, हे आम्ही सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. त्याच भिंतीला टेकून मी शंभरदा राज्य घेतले असेल, डोळे मिटून वीसपर्यंत आकडे मोजले असतील. त्या भिंतीवर कुणाचा तरी हात असा फिरला होता, हे तेव्हा मला कुणी सांगितले नव्हते, आणि मी विचारलेही नव्हते.

सहलीचा सर्वांत मोलाचा भाग मात्र पुढे होता. वाड्याच्या ओसरीवर बसवून त्याने जुन्या मोडी लिपीतल्या एका पत्राची छायाप्रत हातोहात फिरवली आणि ते पत्र सावकाश वाचून दाखवले. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरे, लेखणी शक्यतो न उचलता, लिहीत जातात. हे सांगून त्याने आम्हा प्रत्येकाला एकेक कोरा कागद दिला आणि आपापले नाव लिहायला लावले. याच वाड्यात नानांचे दफ्तर, म्हणजे त्यांच्या कागदपत्रांचा संग्रह, राहिले. सातारचे इतिहाससंशोधक दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी ते उजेडात आणले, आणि आज मेणवली दफ्तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. पेशवाईच्या उत्तरार्धाचा इतिहास लिहिताना ज्या कागदांचा आधार घ्यावा लागतो, त्यांतले कितीतरी कागद आमच्या आळीपासून दोनशे पावलांवर पिढ्यान्‌पिढ्या गाठोड्यांत बांधलेले होते. हे मला पन्नाशी ओलांडल्यावर, पैसे भरून आलेल्या सहलीत कळले. याचे मला वाईट वाटले आणि त्या मुलाविषयी कृतज्ञताही वाटली.

नानांच्या पत्नी जिऊबाई यांच्याबद्दलही तो बोलला, हे विशेष. 1800 मध्ये नानांचे निधन झाले, त्यानंतर या बाईंच्या वाट्याला किती वणवण आली, आणि अखेर त्या मेणवलीत येऊन कशा राहिल्या, हे त्याने थोडक्यात पण आदराने सांगितले. माझी आजी वाड्यासमोरून जाताना पदर सारखा करीत असे. का, असे विचारले तर म्हणे, "बाईंचं घर आहे." कोणत्या बाई, ते तिलाही बहुधा माहीत नसावे.

आता त्रुटींकडे वळते. पहिली आणि मोठी त्रुटी वेळेची. न्याहारीला वाटेत तब्बल तास गेला, जेवणाला दीड तास, आणि वाडा, घाट व देवळे या साऱ्यांना मिळून दोन तास. त्यातला बहुतेक वेळ वाड्यातच गेल्यामुळे घाटावर आम्ही पोहोचलो ते भर दुपारी, आणि वीस मिनिटांत माघारी फिरण्याची सूचना झाली. मेणवलीला जाऊन घाट असा उरकणे म्हणजे देवळात जाऊन गाभाऱ्यात न डोकावणे होय. हा वाडा नदीसाठी आहे. चंद्रकोरीसारखा वळलेला तो घाट, मेणेश्वराचे आणि विष्णूचे देऊळ, आणि मागे वाड्याची भिंत, हे सगळे एकत्र पाहायचे तर पाण्याशी जाऊन शेवटच्या पायरीवर बसले पाहिजे आणि मग मागे वळून पाहिले पाहिजे. सकाळी आठच्या सुमारास ऊन कोवळे असते आणि दगडी पायऱ्यांवर ओलसरपणा असतो. आमच्या वेळी त्या पायऱ्यांवर पहाटेपासून धुणी चालत. कपडा आपटल्याचा आवाज भिंतीवर जाऊन परत येई, आणि त्यावरून आई घरात बसून सांगत असे की आज घाटावर गर्दी आहे. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून मी तिथेच पोहायला शिकले. पावसाळ्यात वर धोम धरणातून पाणी सोडले की कोणती पायरी बुडाली यावर सगळ्या गावाचे लक्ष असे, आणि आम्हा मुलांना तेवढे दिवस घाटाची बंदी होई.

घाटावरची घंटा तरी नीट दाखवली जावी अशी माझी फार इच्छा होती. ही घंटा पोर्तुगीज बनावटीची आहे. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली, तेव्हा तेथील चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या गेल्या. त्यांपैकी ही एक. तिच्यावर 1707 हे साल आहे, आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावातली आकृती आहे. मार्गदर्शकाने एवढे सांगितले आणि गट पुढे हलला. मला मात्र तेथून निघवेना. आमच्या लहानपणी आजी त्या आकृतीकडे बोट करून मला सांगत असे, "ही यशोदा, आणि हा तिच्या कडेवरचा कृष्ण," आणि आम्ही दोघी हात जोडत असू. आई आहे, कडेवर मूल आहे, एवढे तिला पुरेसे होते. मोठ्या भावाच्या खांद्यावर चढून मी एकदा ती आकृती बोटाने चाचपली होती. धातू थंडगार होता आणि बाळाच्या डोक्याशी तो किंचित गुळगुळीत लागला होता. घंटेची अशी गोष्ट ज्या गावात आहे, तेथे गावातल्या एखाद्या आजीबाईंना बोलावून दहा मिनिटे बोलते करावे, असे संयोजकांना का सुचू नये? वाडा इमारत म्हणून त्यांनी उत्तम दाखवला, पण त्याच्याभोवतीचे गाव त्यांच्या कार्यक्रमात जवळजवळ नव्हतेच.

दुसरी त्रुटी लहान आहे, परंतु सांगितली पाहिजे. वाड्यापासून निघणाऱ्या भुयाराची कहाणी सहसंयोजकांनी बसमध्ये ध्वनिवर्धकावरून अगदी खात्रीने सांगितली. ती आम्हीही लहानपणी ऐकली होती, तिच्या भीतीने रात्री दचकून उठलोही होतो. मात्र दंतकथा ही दंतकथा म्हणून सांगावी. ज्या घराची ओळख कागद आणि पुरावा यांच्यामुळे आहे, तेथे तर हे पथ्य आवर्जून पाळावे. येथे कोणकोणत्या चित्रपटांचे चित्रीकरण झाले, याची यादी आणि त्या त्या जागी छायाचित्रे काढण्याची पंचवीस मिनिटे, हीदेखील मी घाटाला देऊ केली असती.

त्या पंचवीस मिनिटांत मी एकटीच आमच्या आळीत जाऊन आले. आमच्या दोन खोल्या आता नाहीत, त्या जागी पक्के घर आहे. ओट्यावर एक म्हाताऱ्या बाई हळकुंडे निवडीत बसल्या होत्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळले आणि विचारले, "कुणाची गं तू?" मी वडिलांचे नाव सांगण्याआधीच म्हणाल्या, "मास्तरांची थोरली न्हवं का?" मी खाली बसले. बसचा भोंगा दोनदा वाजला तेव्हा त्यांनी मूठभर हळकुंडे माझ्या ओच्यात घातली आणि म्हणाल्या, "पुढच्या खेपेला सकाळच्याला ये. घाटावर बसू."

एकंदरीत, ज्यांनी मेणवली पाहिलेली नाही त्यांनी या सहलीला जरूर जावे. मोडी पत्राचा तासाभराचा कार्यक्रम आणि भिंतीवरच्या चित्रांचे दर्शन एवढ्यानेच पैसे वसूल होतात, आणि असा अभ्यासू, नम्र मार्गदर्शक सहसा लाभत नाही. ज्यांना गर्दी नको त्यांनी सुट्टीचा वार टाळावा, आणि शक्य असल्यास पावसाळा संपल्यावरचे थंडीचे महिने निवडावेत. तेव्हा नदीला पाणी असते आणि ऊनही सोसवते. वृद्धांनी घाटाच्या पायऱ्या जपून उतराव्यात, काही ठिकाणी पाय निसटतो. जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच संयोजकांना सांगावे की आम्हाला आधी घाट पाहायचा आहे आणि वाडा नंतर.

मी त्यांना तसे पत्र लिहिले. चार दिवसांनी उत्तर आले की मार्गशीर्षातील पुढच्या सहलीत बस पहाटे साडेपाचला सुटेल, न्याहारी डब्यात दिली जाईल आणि सुरुवात घाटावरून होईल. मी दोन नावे नोंदवली आहेत, एक माझे आणि एक माझ्या भावाचे. सोबत नेण्यासाठी वडिलांचा जुना फोटो काढून ठेवला आहे, त्या बाईंना द्यायला.