वेडाचं सोंग तपासायला कुठला 'हॅम्लेट' घ्यावा?

शेक्सपिअरच्या नाटकातला राजपुत्र हॅम्लेट बापाला मारून राजा झालेल्या काकावर सूड घ्यायला निघतो. तो खरोखर वेडा होतो की सोंग घेतो, या वादात उतरण्याआधी विचारायला हवं: कुठला हॅम्लेट? नाटकाच्या जुन्या छापील प्रती तीन. १६०३ चा पहिला क्वार्टो (लहान आकाराचं सुटं पुस्तक), १६०४-०५ चा दुसरा क्वार्टो आणि १६२३ चा फोलिओ (शेक्सपिअरच्या नाटकांचा मोठ्या आकाराचा एकत्रित ग्रंथ). बऱ्याच आवृत्त्या दुसरा क्वार्टो आणि फोलिओ एकत्र कालवतात, आणि कुठली ओळ कुठून आली याचा पानावर पत्ता नसतो. दोन साक्षीदारांचे जबाब एकाच सहीखाली वाचून निकाल द्यायचा, असा तो प्रकार. अ‍ॅन थॉम्पसन आणि नील टेलर यांनी संपादित केलेली 'आर्डन शेक्सपिअर' या ग्रंथमालेच्या तिसऱ्या मालिकेतली आवृत्ती (२००६, सुधारित २०१६) ही कालवाकालव करत नाही, म्हणून ती घ्यावी. पण घेतली तर दोन्ही खंड घ्यावेत. एकट्या पहिल्यावर भागत नाही.

पहिल्या खंडात दुसरा क्वार्टो आहे आणि फक्त फोलिओत सापडणाऱ्या सुमारे ७० ओळी मागे परिशिष्टात टाकल्या आहेत. दुसऱ्या खंडात पहिला क्वार्टो आणि फोलिओ, दोन्ही सलग.

या मांडणीचा फायदा कुठे होतो ते पाचव्या अंकात बघा. द्वंद्वापूर्वी हॅम्लेट लेआर्टिसची, म्हणजे आपल्या हातून मेलेल्या पोलोनियसच्या मुलाची, माफी मागतो: तुझा अपराध हॅम्लेटनं केला नाही, त्याच्या वेडानं केला. हाच माणूस तिसऱ्या अंकात आईला बजावून गेलेला असतो की मी वेडा नाही, वेड हा माझा डाव आहे. इंग्रज समीक्षक डॉ. जॉन्सनना अठराव्या शतकातच हे खटकलं होतं. भल्या आणि शूर माणसानं खोट्याचा आडोसा घ्यावा, हे त्यांना पटेना. दुसऱ्या क्वार्टोत या माफीच्या जरा आधी एक सरदार राणीचा निरोप आणतो, की खेळ सुरू होण्यापूर्वी लेआर्टिसशी चार शब्द गोड बोल. म्हणजे माफी आईच्या सांगण्यावरून, दरबारी रीतीची. फोलिओत हा सरदारच नाही. तिथे हॅम्लेट आपणहून मित्राला, होरेशिओला, सांगतो की लेआर्टिसपुढे माझा तोल गेला याचं वाईट वाटतं, त्याच्या दुःखात मला माझंच दुःख दिसतं. आता तीच माफी मनापासूनची वाटू लागते, आणि वेडाचा उल्लेखही निव्वळ थाप राहत नाही. कालवलेल्या प्रतीत निरोप आणि पश्चात्ताप दोन्ही येतात नि दोघांचीही धार जाते.

शयनगृहाचा प्रवेश, म्हणजे तिसऱ्या अंकातली आईशी भेट, तिन्ही प्रतींत लागोपाठ वाचावा. दुसऱ्या क्वार्टोत आणि फोलिओत 'माझी नाडी तुझ्यासारखीच संथ चालते' असं हॅम्लेट म्हणतो. फोलिओत त्याआधी 'भ्रम?' अशा अर्थाचा एक उसळता शब्द जास्त आहे. नटाला तो एक शब्द पुरतो. पहिल्या क्वार्टोत राणी त्याचं बोलणं मेंदूची दुर्बलता ठरवते, पण त्याच दमात शपथ घेते की या खुनाची मला कल्पना नव्हती, आणि पुढे सूडाला मदतीचं वचन देते. या प्रतीत 'जगावं की मरावं' हे स्वगतही आधी येतं, म्हणजे नाटकमंडळी एल्सिनोरच्या राजवाड्यात पोचण्यापूर्वी. त्यामुळे निराशा, मग बेत, मग कृती असा सरळ उतार मिळतो आणि सोंगाचा पक्ष बळावतो. उलट इतर दोन प्रतींत नाटक दाखवून राजाचा गुन्हा पकडण्याचा बेत ठरतो आणि पुढच्याच प्रवेशात हा मरणाच्या गोष्टी करतो. हे हेलकावे सोंग म्हणून समजावताना दमछाक होते.

हॅम्लेटची प्रेयसी ओफेलिया पुढे खरोखर वेडी होते. तिच्या रंगसूचना तर फुकटात मिळालेला पुरावा. पहिल्या क्वार्टोत ती केस मोकळे सोडून ल्यूट हे तंतुवाद्य वाजवत येते. फोलिओत 'भ्रमिष्ट' म्हणून येते. दुसऱ्या क्वार्टोत नुसती येते. हॅम्लेटच्या प्रवेशाला मात्र अशी सूचना तिन्हींत कुठेच नाही. (आगरकरांनी १८८३ मध्ये मराठी अवताराला 'विकारविलसित' नाव दिलं, मनोविकाराच्या बाजूनं कौल शीर्षकातच दिल्यासारखा.)

आता तक्रारी. फोलिओच्या ओळी परिशिष्टात असल्यामुळे पहिला खंड वाचताना सारखं मागे जावं लागतं. उपाय म्हणजे सुरुवातीलाच पेन्सिलीनं समासात खुणा कराव्यात: दुसऱ्या अंकात डेन्मार्कला तुरुंग म्हणणारा संवाद आणि बालनटांची चर्चा, पाचव्यात होरेशिओपुढची कबुली. चौथ्या अंकातल्या, नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास याच्या सैन्यावरच्या स्वगताला उलटी खूण, कारण ते फोलिओत नाही. 'कारण, इच्छा, बळ, साधन सगळं असून मी का थांबलो' असं स्वतःची उलटतपासणी घेणारं ते बोलणं काढलं तर शुद्धीवरच्या हॅम्लेटचा मोठा पुरावा जातो.

दुसरं, पानावर तीन थर आहेत: वर संहिता, खाली बारीक टाइपात स्पष्टीकरण, त्याखाली पाठभेद, म्हणजे प्रतींमधले शब्दांचे फरक. पहिल्यांदा वाचणारा खालच्या दोन थरांत अडकतो आणि प्रवेशाची लय हरवते. एक अंक टिपांविना वाचावा, मग टिपा, आणि लांबलचक प्रस्तावना सर्वांत शेवटी. दुसऱ्या खंडातल्या टिपा त्रोटक आहेत, एरवी पहिल्याकडे बोट दाखवतात. म्हणून तो आधी घेऊ नये.

फोलिओच पायाभूत हवा असेल तर हिबर्ड यांची १९८७ ची ऑक्सफर्ड आवृत्ती बरी. तिथे उलट दुसऱ्या क्वार्टोच्या ओळी परिशिष्टात आहेत. खर्चच नको असेल तर फोल्जर ग्रंथालयाची संहिता इंटरनेटवर मोफत आहे. ती कालवलेलीच, पण प्रामाणिक: फक्त फोलिओतलं टोकदार कंसात, फक्त दुसऱ्या क्वार्टोतलं चौकोनी कंसात. पहिला क्वार्टो मात्र त्या कंसांत शोधू नये.