तिच्या सुरकुत्या पुसल्या, त्याच्या ठेवल्या : एका रिटचिंग सॉफ्टवेअरबद्दल

पोर्ट्रेट काढणं हाच माझा व्यवसाय, त्यामुळे रिटचिंगशी, म्हणजे काढलेल्या फोटोवर नंतर हात फिरवण्याशी, माझं वैर नाही. पुटकुळी चार दिवसांत जाते, ती फोटोत जन्मभर कशाला ठेवायची? म्हणूनच एका क्लिकवर चेहरा नीटनेटका करून देणारं हे सॉफ्टवेअर घेतलं. नाव देत नाही, कारण माझी तक्रार एका कंपनीपुरती नाही.

कामाला ते वेगवान आहे. चष्म्याच्या काचेवरची चमक, कपाळावर आलेली केसांची बट, कॉलरवरचा धागा हे सगळं सफाईने काढतं. लग्नाचे शेकडो फोटो एकदम टाकले तरी अडखळत नाही. इथपर्यंत पैसे वसूल.

पण फोटो उघडला की चेहरा बाईचा की पुरुषाचा हे ते स्वतःच ठरवतं आणि त्याप्रमाणे स्लायडर (बदल कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्या) सरकवून मोकळं होतं. साठीच्या एका डॉक्टर जोडप्याचे फोटो काढले होते. खिडकी तीच, लेन्स तीच. नवऱ्याच्या चेहऱ्याला जेमतेम हात लागला, जबडा तेवढा जरा ठसठशीत झाला. बाईंच्या डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या मात्र साफ गेल्या, डोळे मोठे झाले, गाल आत गेले, ओठ भरले. हनुवटीवर लहानपणच्या जखमेचा व्रण होता, तोही गेला. मग मी त्यांच्याच फोटोवर 'पुरुष' हा पर्याय निवडला. सुरकुत्या परत आल्या, व्रणही परत आला! म्हणजे त्या रेषा खराब नव्हत्याच, बाईच्या चेहऱ्यावर होत्या एवढाच त्यांचा गुन्हा.

बाईंनी दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आणि व्रणाची घेतली.

'हे डिफॉल्ट, म्हणजे आधीपासून ठरलेलं सेटिंग आहे, बदलून घ्या' असं कुणी म्हणेल. पण घाईच्या कामात डिफॉल्ट कोण बदलतं? फोटोग्राफीत हे आधीही घडलंय. रंगीत फिल्मच्या काळात लॅबमध्ये प्रिंटचे रंग जुळवायला कोडॅकची 'शर्ली कार्डं' असायची. त्यावर गोरी तरुणी. तिची कांती बरोबर उतरली की मशीन बरोबर. सावळ्या चेहऱ्यांचं काय होतंय हे बराच काळ कुणी पाहिलंच नाही.

रिटचिंग करणाऱ्याची नजर कशी असावी, याचा माझा दाखला अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग. 1936 चा तिचा 'मायग्रंट मदर' हा स्थलांतरित मजूर आईचा फोटो आठवा. त्यातली आई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, तेव्हा अवघ्या 32 वर्षांची होती. कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला अंगठा लँगला खटकला, तो तिने नंतर निगेटिव्हवरून काढवून घेतला. कपाळावरच्या आठ्यांना मात्र धक्का लावला नाही. (तिने त्या बाईचं नावही विचारलं नव्हतं, ते जगाला कळलं 1978 मध्ये. हा हिशेब वेगळा मांडायला हवा.) तो फोटो मी या सॉफ्टवेअरमध्ये टाकून पाहिला. कपाळ गुळगुळीत झालं, हनुवटी टोकदार झाली, आणि उद्याच्या जेवणाची चिंता असलेली आई क्रीमच्या जाहिरातीतली वाटू लागली.

जाहिरातींवर निदान काही देशांनी लगाम घातलाय. फ्रान्समध्ये 2017 पासून मॉडेलचं शरीर फोटोत बारीक किंवा जाड केलं असेल तर तसं छापावं लागतं. नॉर्वेने 2022 पासून त्वचेवरचे फेरफारही त्यात आणले. आमच्या स्टुडिओतल्या पोर्ट्रेटना असलं बंधन नाही, तिथे फोटोग्राफरनेच विचारायचं असतं.

घ्यावं का? बॅचचं, म्हणजे एकदम शेकडो फोटोंचं काम भरपूर असेल तर घ्या. पण आधी सेटिंगमध्ये खोलवर दडवलेली लिंग ओळखण्याची सोय बंद करा, चेहऱ्याचा आकार बदलणारे सगळे स्लायडर शून्यावर आणा आणि तोच प्रीसेट (पुन्हा वापरायचं तयार सेटिंग) म्हणून सेव्ह करा. समोरच्या बाईला विचारल्याशिवाय तीळ, व्रण, सुरकुती यांना हात लावू नका. माझ्याकडून 5 पैकी 2 तारे, दोन्ही वेगासाठी. सुरुवातच शून्यावरून करणारी आवृत्ती काढा, 4 देते.